१९७६ चं विमान आजही विकायला का असतं?

अमेरिकेतल्या जुन्या विमानांच्या जाहिराती चाळायला घेतल्या की पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते साल. १९६७, १९७४, १९७६, १९७९. सेसना १७२, पायपर चेरोकी, बीचक्राफ्ट बोनान्झा ही नावं आलटून पालटून येत राहतात. सगळी एका इंजिनाची, बहुतेक चार आसनांची, पेट्रोलवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनाची. सेसनाच्या यादीत १९८६ नंतर दहा वर्षं काहीच नाही, आणि त्यापुढच्या विमानांची किंमत एकदम दुप्पट-तिप्पट. सरासरी काढली तर अमेरिकेतल्या अशा विमानांचं वय चाळिशीच्या पुढे जातं. एवढी जुनी विमानं लोक डोळे उघडे ठेवून, बँकेचं कर्ज काढून विकत घेतात. हा बाजार असा का झाला, हे कळायला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेपर्यंत मागे जावं लागतं.

युद्ध संपलं तेव्हा विमान कारखान्यांची ठाम समजूत होती की घरी परतलेला प्रत्येक वैमानिक आता स्वतःचं विमान घेणार. सैनिकांच्या शिक्षणासाठी केलेल्या जीआय बिलातून उड्डाण प्रशिक्षणालाही पैसे मिळत होते. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत तीस हजारांहून जास्त छोटी विमानं बनली. गिऱ्हाईक तेवढं नव्हतंच. १९५० पर्यंत वर्षाचं उत्पादन तीन-साडेतीन हजारांवर आलं आणि अनेक कंपन्या बुडाल्या. टिकल्या त्यांत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहराच्या सेसना आणि बीच या दोन, आणि तिसरी पेनसिल्व्हेनियातली पायपर. बीचची बोनान्झा डिसेंबर १९४५ मध्येच उडाली होती. इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपटी, आत ओढली जाणारी चाकं आणि चांगला वेग. पैसेवाल्या डॉक्टर-वकिलांनी ती घेतली, आणि अनुभव कमी पडल्यामुळे त्यांतल्या काहींनी जीव गमावला. ‘डॉक्टर किलर’ हे बदनाम टोपणनाव तिला तेव्हापासून चिकटलंय.

सामान्य गिऱ्हाइकाला गाठलं ते सेसनाने. तिच्या १७० या विमानाला शेपटीखाली चाक होतं. जमिनीवर असताना नाक वर आणि पुढचं काही दिसत नाही, अशी त्याची ठेवण, आणि उतरताना जरा चूक झाली की विमान स्वतःभोवती गोल फिरायचं. १९५५ मध्ये सेसनाने तेच विमान घेऊन चाक शेपटीखालून काढून नाकाखाली लावलं आणि त्याला १७२ म्हटलं. मोटार चालवणाऱ्याला विमानही चालवता येईल, असा जाहिरातींचा सूर होता. सूर अतिशयोक्तीचा, पण पूर्ण खोटा नव्हे. पहिल्याच वर्षात चौदाशेच्या आसपास विमानं गेली. आजवर ४४ हजारांहून जास्त १७२ बनली आहेत, आणि इतक्या संख्येने दुसरं कुठलंही विमान बनलेलं नाही. पायपरचं उत्तर १९६० च्या सुमारास आलं. फ्लोरिडातल्या व्हेरो बीचच्या नव्या कारखान्यातून निघालेली पीए-२८ चेरोकी, जिचे पंख खाली आहेत. पंख वर हवा की खाली, हा वाद तेव्हापासून सुरू आहे आणि तो मिटवण्यात कुणालाच रस नाही.

यानंतरची पंधरा-सोळा वर्षं भरभराटीची. १९७८ मध्ये अमेरिकन कारखान्यांतून १७,८११ खासगी व व्यावसायिक छोटी विमानं बाहेर पडली, आणि त्यांतली बहुसंख्य पिस्टनची होती. आज जाहिरातीत दिसणारी सत्तरच्या दशकातली विमानं ती हीच. पुढे घसरण इतकी झाली की १९९४ मध्ये हा आकडा ९२८ होता. सेसनाने १९८६ मध्ये पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं. पायपरने १९९१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

कारण विचारलं तर उद्योगातले लोक एकच बोट दाखवतात, वकिलांकडे. अपघात झाला की मृताचे नातेवाईक कंपनीवर दावा ठोकत, मग विमान तीस वर्षं जुनं असो आणि दहा मालकांच्या हातून गेलेलं असो. ज्युरीने दिलेल्या भरपाईच्या रकमा वाढत गेल्या, कंपन्यांचा विमा महागला आणि तो खर्च प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीत चढवला गेला. यात तथ्य आहे. पण १९८० च्या शेवटी अमेरिकेत कर्जाचा मूळ व्याजदर वीस टक्क्यांच्या पुढे गेला होता, इंधन महागलं होतं आणि माजी सैनिकांना प्रशिक्षणासाठी मिळणारे पैसे आटत चालले होते, हेही खरंच. मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते एक साधं कारण, जे कंपन्या फारसं बोलून दाखवत नाहीत. विमान नीट सांभाळलं तर संपत नाही. १९७८ ची १७२ आणि १९८५ ची १७२ यांत रंग आणि रेडिओ सोडले तर गिऱ्हाइकाला जाणवेल असा फरक थोडा. मग अर्ध्या किमतीत जुनं मिळत असताना नवं कोण घेणार? आपणच आधी विकलेली हजारो विमानं सेसनाची सगळ्यात मोठी प्रतिस्पर्धी होऊन बसली होती.

१७ ऑगस्ट १९९४ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ‘जनरल एव्हिएशन रिव्हायटलायझेशन अ‍ॅक्ट’वर सही केली. काही अपवाद वगळता, पहिल्या विक्रीनंतर अठरा वर्षं उलटली की छोट्या विमानाच्या अपघाताबद्दल उत्पादकावर दावा लावता येणार नाही, असा हा कायदा. एखादा भाग नंतर नवा बसवला तर त्या भागापुरती अठरा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. कायदा झाला तर उत्पादन परत सुरू करू, असा शब्द सेसनाचे प्रमुख रस मायर यांनी दिला होता. तो त्यांनी पाळला. १९९६ मध्ये कॅन्ससमधल्याच इंडिपेंडन्स गावी नवा कारखाना उभा राहिला आणि १७२ परत आली, या वेळी इंधन इंजेक्शनचं इंजिन घेऊन. उत्पादन मात्र सत्तरच्या दशकाच्या जवळपासही गेलं नाही. त्याच सुमारास मिनेसोटातल्या डुलूथ इथून सिरस नावाच्या कंपनीने कंपोझिटचं (धातूऐवजी धागे आणि राळ मिळून केलेल्या पदार्थाचं), संपूर्ण विमानाला पॅराशूट असलेलं चार आसनी विमान आणलं. नव्या विमानाचा पैसेवाला गिऱ्हाईक तिकडे वळला. बाकीच्यांसाठी १९७६ चं विमान होतंच.

पन्नास वर्षांचं विमान कायद्याने उडू कसं शकतं? एक तर विमानाच्या रचनेला एकदा मान्यता मिळाली की ती टिकते. १७२ चं मूळ प्रमाणपत्र, क्रमांक ३ए१२, पन्नासच्या दशकातलं आहे आणि आजचं नवं विमानही त्याच प्रमाणपत्राखाली बनतं. दुसरं म्हणजे दर बारा महिन्यांनी होणारी ‘अ‍ॅन्युअल’ तपासणी. तिच्यात केबिनच्या तळाचे पत्रे उचलून, इंजिनाची झाकणं उघडून सगळं पाहिलं जातं, आणि खास परवाना असलेल्या मेकॅनिकची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. भाड्याने किंवा शिकवण्यासाठी वापरात असेल तर दर शंभर तासांनी पुन्हा. एखाद्या मॉडेलमध्ये दोष सापडला तर सरकार एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, बोलीभाषेत ‘एडी’, काढतं आणि तो पाळणं मालकावर बंधनकारक असतं. सेसनाच्या सीटच्या रुळांचा एडी १९८७ चा. झिजलेल्या रुळावरून सीट निसटली की उड्डाणाच्या ऐन क्षणी वैमानिक मागे सरकतो आणि आधाराला हातातलं कंट्रोल मागे ओढतो, आणि विमानाचं नाक एकदम वर जातं. ते रूळ आजही तपासले जातात.

हे सगळं नोंदतात ते लॉगबुकमध्ये. म्हणून या बाजारात धातूइतकंच मोल कागदाला. लॉगबुकं हरवलेलं विमान कितीही चकचकीत असलं तरी भाव पडतो. शिवाय मालकी आणि कर्जाच्या नोंदी ओक्लाहोमा सिटीतल्या सरकारी रजिस्ट्रीत असतात. मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म ३३७ ही तिथेच. खरेदीआधी तिथला शोध घेतला नाही, तर आधीच्या मालकाच्या थकबाकीचा बोजा विमानाबरोबर आपल्याकडे येऊ शकतो.

कागद कुठवर पोहोचतो याचं ठळक उदाहरण २०१८ चं. एप्रिलमध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ प्रशिक्षण देणाऱ्या विद्यापीठाच्या पायपर अ‍ॅरो या चेरोकीच्याच घराण्यातल्या विमानाचा पंख हवेतच निखळला, दोघे गेले. विमान जुनाट नव्हतं, २००७ चं होतं. पंखाच्या मुख्य तुळईला बोल्टच्या भोकाशी थकव्याची चीर गेली होती. नंतरच्या एडीने कोणत्या विमानांची तुळई तपासायची हे ठरवायला वय घेतलंच नाही. लॉगबुकात शंभर तासांच्या तपासण्या किती आहेत ते मोजा, म्हणजे विमान शिकवणीत किती राबलं ते कळेल, असं त्यात होतं. तो काळ पूर्ण धरायचा आणि उरलेल्या खासगी उड्डाणाचे तास सतराने भागायचे. पुन्हा पुन्हा आपटत उतरणाऱ्या विद्यार्थ्याचा तास आणि रविवारी निवांत फिरणाऱ्या मालकाचा तास यांत तेवढा फरक आहे, असा हिशेब.

इंजिनाचं गणित मात्र उलटं चालतं. आपल्याकडे ‘एकाच हातातली, कमी चाललेली’ स्कूटर म्हटलं की गिऱ्हाईक खूश होतं. लायकॉमिंग कंपनीचं इंजिन असलेल्या विमानाबद्दल हेच वाक्य आलं की जाणकार सावध होतो. १९६८ पासून १७२ ला लायकॉमिंगचं चार सिलिंडरचं ओ-३२० बसू लागलं, चेरोकीला ते आधीपासूनच होतं. यात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वर असतो. इंजिन महिनोन्महिने बंद राहिलं तर त्याच्यावरचं तेल खाली गळून जातं आणि गंज धरतो. पुढे तो गंज धातूचे कण होऊन तेलात उतरतो. म्हणूनच कंपनीने ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करण्याची, मुदत साधारण दोन हजार तास किंवा बारा वर्षं, जे आधी भरेल ते, अशी सांगितली आहे. खासगी मालकाला ती मुदत पाळणं सक्तीचं नाही, पण सौदा तिच्याभोवतीच फिरतो. ओव्हरहॉलला आज तीस हजार डॉलरच्या पुढे सहज जातात. १९७७ ते १९८० च्या १७२ एन मॉडेलला बसलेल्या ओ-३२० एच२एडी या प्रकाराची ख्याती तर त्याहून वाईट. थंडीत सुरू करताना कॅम आणि त्यांना टेकून झडपा ढकलणारे लिफ्टर झिजायचे, म्हणून तेलात खास मिश्रण घालण्याची सक्ती झाली. जाहिरातीत ही अक्षरं दिसली की पहिला प्रश्न कॅमशाफ्टचा.

सतत चालणारं इंजिन किती सोसतं, याचा पुरावा लास वेगासच्या विमानतळावर टांगलेला आहे. ४ डिसेंबर १९५८ ला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक एका १७२ मधून उडाले आणि ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरले. ६४ दिवस २२ तास १९ मिनिटं. खाली धावणाऱ्या ट्रकमधून नळीने इंधन वर ओढून घेत. एका हॉटेलच्या जाहिरातीसाठी केलेला हा उद्योग, पण इंजिन (तेव्हा ते काँटिनेंटल या दुसऱ्या कंपनीचं होतं) न थांबता दीड हजारांहून जास्त तास चाललं. हँगरात झाकून ठेवलेली कितीतरी विमानं वीस वर्षांत एवढे तास बघत नाहीत.

मालकीचा खर्च असा की विमान जागेवर उभं असलं तरी हँगरचं भाडं, विमा आणि अ‍ॅन्युअल चुकत नाही. त्यामुळे दोघा-चौघांनी मिळून विमान घ्यायची पद्धत जुनी आहे. वर्षाला शंभर तास उडवणार नसाल तर भाड्याने घ्या, असा सल्ला अमेरिकेतल्या फ्लाइंग क्लबांमध्ये नेहमी ऐकू येतो. गणित म्हणून तो चुकीचा नाही. तरी लोक घेतात, आणि करोनाच्या काळात तर इतके धावले की किमती भराभर चढल्या आणि नंतर तेवढ्या उतरल्या नाहीत.

आपल्याकडे हा बाजार जवळजवळ नाहीच. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. ते बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले. तेव्हापासून छोटं विमान म्हणजे क्लबचं किंवा प्रशिक्षण संस्थेचं, ही आपली ओळख. धुळे, बारामती इथे सेसना दिसते ती शिकवणीतली. या इंजिनांना लागणारं शिसेयुक्त अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानांचं पेट्रोल, २०२२ पर्यंत भारतात आयातच होत असे. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली.

आणि नेमक्या याच इंधनावर आता अमेरिकेत गंडांतर आहे. मोटारींच्या पेट्रोलमधलं शिसं कधीच गेलं, ‘१०० लो-लेड’ या नेहमीच्या अ‍ॅव्हगॅसमध्ये ते अजून आहे. कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून आपल्या विमानतळांवर त्याची विक्री बंद केली. २०३० अखेरपर्यंत देशभर शिसंमुक्त पर्याय आणण्याचं उद्दिष्ट सरकार आणि उद्योगाने मिळून ठेवलंय. जी१००यूएल या एका पर्यायाला सप्टेंबर २०२२ मध्ये सगळ्या पिस्टन विमानांसाठी मान्यता मिळाली, पण सिरसने ते इंधन आपल्या विमानांत वापरायला संमती दिलेली नाही. कमी कॉम्प्रेशनच्या, म्हणजे इंधन-हवेचं मिश्रण कमी दाबणाऱ्या, जुन्या ओ-३२० ला कमी ऑक्टेनचं, शिशाची फारशी गरज नसलेलं इंधन चालतं. शिशावर खरी अडून आहेत ती जास्त कॉम्प्रेशनची, ताकदवान, महागडी इंजिनं. त्यामुळे ओ-३२० असलेली १९७६ ची साधी १७२ एम घेणाऱ्याला या भांडणाची झळ त्या मानाने कमी लागते, आणि विकणारे हल्ली ही गोष्ट जाहिरातीत मुद्दाम लिहू लागले आहेत.