ब्रॅडलॉ शपथप्रकरण

ब्रॅडलॉ शपथप्रकरण : उघड निरीश्वरवादी असलेल्या लोकप्रतिनिधीला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसू द्यायचे की नाही, यावरून १८८० ते १८८६ या काळात चाललेला वाद. व्हिक्टोरियाकालीन ख्रिस्ती इंग्लंडमध्ये मनातल्या मनात देव नाकारणाऱ्याच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. ते चारचौघांत बोलून दाखवणे मात्र महागात पडे. १८६९ पर्यंत नास्तिकाची साक्षही न्यायालयात ग्राह्य नव्हती, कारण बायबलवर हात ठेवून घेतलेल्या शपथेचे त्याला भय कसले, असा हिशेब होता.

चार्ल्स ब्रॅडलॉ (१८३३–१८९१) हे लंडनच्या गरीब घरातले. पोरवयात ते चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवत. शुभवर्तमाने (बायबलमधील येशूची चरित्रे) आणि चर्चचे अधिकृत सिद्धांत यांचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी धर्मगुरूंकडे खुलासा मागितला. खुलासा मिळाला नाही. शाळेतून मात्र दूर व्हावे लागले आणि पुढे घरही सुटले. काही वर्षे सैन्यात, मग वकिलाच्या कचेरीत कारकुनी, असे करत ते इंग्लंडमधले सर्वांत गाजलेले नास्तिक वक्ते झाले. १८६६ मध्ये त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली.

एप्रिल १८८० मध्ये जोडे बनवणाऱ्या कारागिरांच्या नॉर्दॅम्प्टन गावाने त्यांना पार्लमेंटच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात निवडून दिले. ‘देवाला स्मरून’ शपथ घेण्याऐवजी आपण देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करू, अशी परवानगी त्यांनी मागितली. न्यायालयात तशी सोय तोवर झालेली होती. सभागृहाच्या समितीने नकार दिला. बरे, मग शपथच घेतो, असे ते म्हणाले, तेव्हा विरोधकांनी सभागृहात ठराव मंजूर करवून ती घेण्यासही मनाई केली : जो देवच मानत नाही त्याची शपथ कसली? सगळी मेख इथेच आहे. तोंड मिटून शपथ पुटपुटणाऱ्या नास्तिकाला पार्लमेंटची दारे उघडी होती. प्रामाणिकपणे आधी सांगून टाकणाऱ्याला ती बंद झाली. २३ जून १८८० रोजी त्यांनी सभागृह सोडायला नकार दिला, तेव्हा त्यांना पार्लमेंटच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात रात्रभर कोंडून ठेवण्यात आले.

पुढे कायदेशीर जोखीम स्वतःवर घेऊन प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली, पण न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि जागा गेली. मतदारांनी पुन्हा निवडून दिले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी आत शिरू पाहणाऱ्या या धिप्पाड माणसाला पोलीस आणि द्वारपालांनी ओढत बाहेर काढले. झटापटीत कोट फाटला. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्यांनी खिशातून बायबलचा ‘नवा करार’ हा भाग आणि शपथेचा कागद काढून स्वतःच स्वतःला शपथ दिली, म्हणून हकालपट्टी झाली. नॉर्दॅम्प्टनने परत निवडले. विरोधी हुजूर पक्षाचे लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांनी हे प्रकरण उदारमतवादी सरकारला अडचणीत आणण्यासाठी पुरेपूर वापरले, त्यामुळे सगळा विरोध श्रद्धेपोटीच होता असे मानण्याचे कारण नाही. उलट पंतप्रधान ग्लॅडस्टन हे कमालीचे भाविक, पण प्रतिज्ञेची मुभा देणारे विधेयक त्यांच्याच सरकारने आणले. १८८३ मध्ये ते ३ मतांनी पडले.

अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या पार्लमेंटच्या सभापतींनी कोणाचीही हरकत ऐकून न घेता ब्रॅडलॉ यांना शपथ घेऊ दिली. १८८८ चा शपथ कायदा त्यांनीच मंजूर करवून घेतला आणि प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना खुला झाला. गंमत अशी, की ब्रिटिशांच्याच १८७३ च्या हिंदुस्थानी शपथ कायद्यानुसार इथले हिंदू-मुसलमान साक्षीदार कधीपासून प्रतिज्ञाच करत होते.

हिंदुस्थानच्या प्रश्नांवर ते पार्लमेंटमध्ये इतके बोलत, की ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणून ओळखले जाऊ लागले. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनालाही ते हजर होते. ३० जानेवारी १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. १८८० चा मनाईचा ठराव सभागृहाने आपल्या कामकाजातून काढून टाकला, तो त्याच्या तीनच दिवस आधी.

लंडनला शिकत असलेले तरुण मोहनदास गांधी त्यांच्या अंत्ययात्रेला गेले होते. आत्मकथेत ते सांगतात, की काही पाद्रीही आले होते. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने त्यांच्यातल्या एका पाद्र्याला गाठून विचारले, की पृथ्वीचा घेर तर ठाऊक आहे, तुमचा देव केवढा आणि असतो कुठे? तो आपल्या दोघांच्या हृदयात राहतो, असे पाद्री शांतपणे म्हणाला.