धावेचे मोल शोधणारा संरक्षणशास्त्रज्ञ

बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घातला तो क्रिकेटमध्ये मुरलेल्या एका पत्रकाराने. इंग्लंडमधील एक्झिटर येथे १८२४ साली जन्मलेले हेन्री चॅडविक लहानपणीच कुटुंबाबरोबर ब्रुकलिनला आले, न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून क्रिकेटची वृत्ते लिहू लागले आणि १८५० च्या दशकात त्या मानाने नव्या असलेल्या बेसबॉलकडे वळले. क्रिकेटचा धावफलक डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचा तक्ता रूढ केला, आणि फलंदाजाने मिळालेल्या संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका मारला हे सांगणारी सरासरीही त्यांच्याच काळात स्थिरावली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे खेळाडूची किंमत प्रामुख्याने याच सरासरीवरून ठरत राहिली.

या सरासरीत एक मूलभूत उणीव होती. फलंदाजाला केवळ पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या फेऱ्यातील पहिल्या थांब्यापर्यंत, नेणारा साधा फटका आणि चेंडू मैदानाबाहेर धाडून सगळ्यांचा फेरा पूर्ण करणारा होम रन हे दोन्ही तिच्या लेखी सारखेच होते. चार वाईट चेंडू सोडून देऊन फलंदाज आयता पहिल्या बेसवर गेला, ज्याला ‘वॉक’ म्हणतात, तर त्याचे श्रेय त्याला मिळतच नसे. शिवाय तो फटका बेसवर तीन साथीदार उभे असताना मारला की एकही नसताना, याचाही पत्ता लागत नसे. ‘बेसबॉल मॅगझिन’चे संपादक एफ. सी. लेन यांनी १९१० च्या दशकातच या पद्धतीवर कडाडून टीका केली होती आणि प्रत्येक फटक्याची धावांमधली किंमत काढण्याचा प्रयत्नही केला होता. तरीही या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर मिळाले ते १९६३ मध्ये, आणि तेही पाणबुड्या व विमानविरोधी यंत्रणांचा अभ्यास हाच ज्याचा व्यवसाय होता अशा एका कॅनेडियन शास्त्रज्ञाकडून.

जॉर्ज लिंडसे यांचा जन्म १९२० साली टोरांटोत झाला. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या तोफखान्यात होते आणि रडारशी त्यांचा निकटचा संबंध आला. युद्धानंतर त्यांनी केंब्रिज विद्यापीठातून अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि मायदेशी परतून संरक्षण संशोधनाच्या सरकारी सेवेत प्रवेश केला. तेथे ते ‘ऑपरेशनल रिसर्च’ या शाखेत स्थिरावले, पुढे १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षे राष्ट्रीय संरक्षण खात्यातील त्या शाखेच्या संस्थेचे प्रमुख राहिले, आणि अण्वस्त्र-समतोल व शस्त्रनियंत्रण या विषयांवरील त्यांचे लेखन जाणकारांत आदराने वाचले जात असे. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. बेसबॉल ही त्यांची फावल्या वेळातली आवड होती.

ऑपरेशनल रिसर्च ही शाखा युद्धकाळातील ब्रिटनमध्ये आकाराला आली. तोफा किंवा रडार नव्याने बनवणे हे तिचे काम नव्हते. हाताशी असलेली साधने कशी वापरली तर सर्वाधिक फायदा होतो, हे प्रत्यक्ष नोंदी गोळा करून मोजणे हे तिचे काम होते. जहाजांचा ताफा मोठा ठेवावा की लहान, पाण्यातला स्फोटक किती खोलीवर फुटावा, असे प्रश्न तोवर अनुभवी अधिकाऱ्यांच्या मतावर सोडलेले असत. भौतिकशास्त्रज्ञांनी ते आकडेवारीने तपासले, तेव्हा रूढ समजुती काही वेळा चुकीच्या ठरल्या. बेसबॉलच्या प्रशिक्षकाचे निर्णय लिंडसे यांना नेमके याच जातीचे वाटले, आणि म्हणून त्यांचे १९५९ व १९६३ चे शोधनिबंध खेळाच्या मासिकात नव्हे, तर ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या विद्वत्‌नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यांची कल्पना समजण्यासाठी खेळाचे चार नियम माहीत हवेत. फलंदाज होम प्लेटपाशी उभा राहून चेंडू टोलवतो. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवरून फिरून तो पुन्हा होम प्लेटला पोचला की एक धाव होते. एका फटक्यात हा फेरा पूर्ण झाला नाही, तर तो मधल्या एखाद्या बेसवर थांबतो आणि पुढच्या फलंदाजाच्या फटक्याची वाट पाहतो. तीन खेळाडू बाद झाले की संघाची पाळी संपते आणि बेसवर उभे असलेले सगळे वाया जातात. प्रत्येक संघाला अशा नऊ पाळ्या मिळतात.

आता पाळीतला कोणताही क्षण घ्या. तीन बेसपैकी कोणत्या बेसवर धावपटू उभे आहेत, याच्या आठ शक्यता असतात; बाद झालेले खेळाडू शून्य, एक किंवा दोन असतात. आठ गुणिले तीन म्हणजे २४. बेसबॉलचा कोणताही सामना घेतला, तरी तो कोणत्याही क्षणी या २४ परिस्थितींपैकी एकीत असतोच असतो. मग लिंडसे यांनी विचारले, की यातील प्रत्येक परिस्थितीपासून पाळी संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात? हा आकडा हाती आला, की प्रत्येक घटनेची किंमत सरळ वजाबाकीने निघते. घटनेनंतरच्या परिस्थितीच्या आकड्यातून आधीचा आकडा वजा करायचा आणि मध्ये झालेल्या धावा त्यात मिळवायच्या. फटका कितीही देखणा असो वा ओबडधोबड, त्याने परिस्थिती किती बदलली एवढेच विचारायचे. मला ही साधी वजाबाकीच त्यांच्या कामाचा गाभा वाटते.

अडचण होती ती माहितीची. वृत्तपत्रांत छापून येणाऱ्या तक्त्यांत दिवसाअखेरच्या बेरजा असत. कोणत्या क्षणी बेसवर कोण होते आणि किती जण बाद झाले होते, हा क्रम त्यांत नसे. तो क्रम कोणीतरी चेंडूगणिक टिपून ठेवणे भाग होते, आणि हे काम केले लिंडसे यांचे वडील कर्नल चार्ल्स लिंडसे यांनी. आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरील सामन्यांची समालोचने ऐकत-पाहत त्यांनी १९५९ आणि १९६० या हंगामांतील ३७३ सामन्यांच्या तपशीलवार नोंदी केल्या. त्यांतून सहा हजारांहून अधिक पाळ्यांची माहिती जमा झाली. विज्ञानाच्या इतिहासात सिद्धान्त मांडणाऱ्याचे नाव राहते आणि निरीक्षणे जमवणारा सहसा तळटीपेत जातो. पण या वडिलांच्या चिकाटीशिवाय मुलाचा १९६३ चा निबंध उभाच राहिला नसता, हे आवर्जून सांगायला हवे.

त्या निबंधातील कोष्टक आजही वाचनीय आहे. बेस रिकामे आणि एकही बाद नाही, म्हणजे पाळीची अगदी सुरुवात, या परिस्थितीची किंमत ०.४६१ धाव येते. पहिल्या बेसवर धावपटू असेल आणि कोणी बाद नसेल, तर ती ०.८१३ होते, धावपटू दुसऱ्या बेसवर असेल, तर १.१९४. तिन्ही बेस भरलेले आणि कोणी बाद नाही, ही फलंदाजी करणाऱ्या संघाची सर्वांत सुखाची अवस्था, तिची किंमत २.२२. हा शेवटचा आकडा दशांशचिन्हानंतर दोनच स्थळांपर्यंत दिलेला आहे, ते विनाकारण नव्हे. अशा परिस्थिती सामन्यात क्वचितच येतात, त्यामुळे नोंदी थोड्या आणि अनिश्चितता जास्त. जिथे माहितीने तिसऱ्या स्थळाचा भरवसा दिला नाही, तिथे लिंडसे यांनी ते स्थळ लिहिलेच नाही.

या कोष्टकाने पहिला धक्का दिला तो ‘सॅक्रिफाइस बंट’ या लाडक्या डावपेचाला. पहिल्या बेसवर साथीदार असताना फलंदाज चेंडूला बॅट हलकेच लावून तो पुढ्यातच टाकतो. स्वतः बाद होतो, पण साथीदाराला दुसऱ्या बेसवर पोचवतो. हा त्याग संघाच्या हिताचा, अशी शतकभराची श्रद्धा होती. आकडे पाहा. बंटपूर्वीची किंमत ०.८१३. तो अगदी मनासारखा जमल्यानंतर, म्हणजे धावपटू दुसऱ्या बेसवर आणि एक बाद, किंमत ०.६७१. डावपेच यशस्वी होऊनही संघाने ०.१४२ धाव गमावली. निदान एक धाव तरी होण्याची शक्यता वाढते का, हेही लिंडसे यांनी तपासले. ती बंटपूर्वी सुमारे ४० टक्के होती आणि नंतर ३९ टक्के. म्हणजे सर्वसाधारण फलंदाजाच्या बाबतीत हा त्याग त्या अर्थानेही व्यर्थच होता. फलंदाज फारच दुबळा असेल, तर हिशेब बदलतो, कारण कोष्टकातील आकडे सरासरी खेळाडूंचे आहेत.

बेस चोरण्याचा, म्हणजे गोलंदाज चेंडू टाकत असतानाच धाव घेऊन पुढचा बेस गाठण्याचा हिशेबही याच कोष्टकातून करता येतो. कोणी बाद नसताना पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर जाणे साधले, तर ०.८१३ चे १.१९४ होतात, म्हणजे ०.३८१ चा लाभ. धावपटू पकडला गेला, तर बेस रिकामे आणि एक बाद अशी अवस्था येते, तिची किंमत ०.२४३, म्हणजे ०.५७० चा तोटा. लाभ आणि तोटा सारखे होण्यासाठी धावपटू दहापैकी किमान सहा वेळा यशस्वी व्हायला हवा. एक जण बाद असेल, तर हीच अट सुमारे ७० टक्क्यांवर जाते आणि दोन बाद असताना ७४ टक्क्यांवर. धावपटू चपळ आहे की नाही यावर रंगणारी चर्चा अशा रीतीने एका ठोस टक्केवारीवर येऊन थांबते.

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिन्ही बेस भरलेले आहेत, कोणी बाद नाही आणि चेंडू जमिनीवरून क्षेत्ररक्षकाच्या हातात आला आहे. त्याने चेंडू होम प्लेटकडे फेकला, तर धाव वाचते आणि एक गडी बाद होतो. पण बेस भरलेलेच राहतात आणि त्या अवस्थेची किंमत १.६४ असते. त्याऐवजी एक धाव जाऊ दिली आणि दुसऱ्या व पहिल्या बेसवर दोन गडी टिपले, तर तिसऱ्या बेसवर एक धावपटू आणि दोन बाद अशी स्थिती उरते. तिची किंमत ०.३५५, त्यात गेलेली एक धाव मिळवून १.३५५. म्हणून सामना नुकताच सुरू झाला असेल, तर धाव देऊन दोन बळी घेणे शहाणपणाचे. मात्र शेवटची पाळी असेल, धावसंख्या बरोबरीत असेल आणि एका धावेने सामना जाणार असेल, तर ती धाव कोणत्याही परिस्थितीत अडवलीच पाहिजे. अपेक्षित धावा आणि सामना जिंकण्याची शक्यता या दोन वेगळ्या राशी आहेत, हे लिंडसे यांना पूर्ण ठाऊक होते. कोणत्या पाळीअखेर किती धावांची आघाडी असताना संघ किती वेळा जिंकतो, यावर त्यांनी १९६१ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात स्वतंत्र निबंध लिहिला होता.

आता पुन्हा फलंदाजाच्या सरासरीकडे येऊ. प्रत्येक प्रकारचा फटका २४ परिस्थितींपैकी कोणकोणत्या परिस्थितीत किती वेळा बसतो आणि दर वेळी अपेक्षित धावा किती वाढवतो, याची सरासरी काढून लिंडसे यांनी फटक्यांचे मोल ठरवले. एका बेसचा फटका ०.४१ धाव, दोन बेसचा ०.८२, तीन बेसचा १.०६ आणि होम रन १.४२. होम रनने फलंदाज स्वतः एक धाव करतोच, वरचे ०.४२ हे बेसवर आधीच उभ्या असलेल्या साथीदारांना घरी आणल्याचे सरासरी मोल. जुनी सरासरी या चारही फटक्यांना सारखे मानत होती, तर ‘स्लगिंग’ हे दुसरे प्रचलित माप त्यांना १, २, ३, ४ असे गुण देत होते. लिंडसे यांच्या आकड्यांचे गुणोत्तर सुमारे १, २, २.६ आणि ३.५ असे येते. एका मापाने होम रन फारच स्वस्त केला होता आणि दुसऱ्याने थोडा महाग, हे त्यामुळे अंकांत स्पष्ट दिसले.

व्यावसायिक संघांनी या निबंधांची दीर्घकाळ दखल घेतली नाही. प्रशिक्षक आपल्या डोळ्यांवर आणि अनुभवावर विसंबत राहिले, आणि ऑपरेशन्स रिसर्चचे अंक त्यांच्या टेबलावर येण्याचे काही कारणही नव्हते. दखल घेतली ती हौशी अभ्यासकांनी. पीट पामर यांनी संगणकाच्या साह्याने हीच रीत पुढे नेली, वॉकसह प्रत्येक घटनेला धावांत मोल दिले आणि १९८४ मध्ये जॉन थॉर्न यांच्यासोबतच्या पुस्तकातून ती पद्धत सामान्य वाचकांपर्यंत पोचवली. त्याच सुमारास बिल जेम्स यांच्या लेखनामुळे बेसबॉलच्या सांख्यिकीला मोठा वाचकवर्ग मिळाला, आणि २००० च्या सुमारास ओकलंडसारख्या संघांनी खेळाडूंची निवडच या विचाराने सुरू केली. आज मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या प्रत्येक संघात विश्लेषकांचा स्वतंत्र विभाग असतो आणि २४ परिस्थितींचे कोष्टक हे तिथले बाळबोध साधन मानले जाते. जुन्या सामन्यांच्या चेंडूगणिक नोंदी आता संगणकावर उपलब्ध आहेत. त्यांतून त्या काळाची गणिते पुन्हा मांडली, तर कर्नल लिंडसे यांच्या हाताने टिपलेल्या ३७३ सामन्यांच्या आकड्यांपासून ती फार दूर जात नाहीत.

याच विचाराचे दुसरे रूप क्रिकेटप्रेमींच्या रोजच्या परिचयाचे आहे. पावसाने सामना अडला की लागू होणारी डकवर्थ-लुईस (आता डकवर्थ-लुईस-स्टर्न) पद्धत १९९७ पासून वापरात आली, आणि फ्रँक डकवर्थ व टोनी लुईस यांनी ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली, तीही ऑपरेशनल रिसर्चच्याच एका ब्रिटिश नियतकालिकात. तिच्याही मुळाशी एक कोष्टक आहे. एका बाजूला उरलेली षटके, दुसऱ्या बाजूला गेलेले बळी, आणि प्रत्येक चौकटीत त्या परिस्थितीपासून पुढे धावा करण्याची संघाची उरलेली क्षमता. बेसबॉलच्या कोष्टकात २४ चौकटी पुरतात, कारण पाळीला षटकांची मर्यादा नसते आणि ती केवळ तीन बादांवर संपते. मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये षटके आणि बळी ही दोन्ही साधने एकाच वेळी संपत जातात, त्यामुळे चौकटींची संख्या शेकड्यांत जाते आणि नुसत्या नोंदींच्या सरासरीने त्या भरता येत नाहीत. म्हणून डकवर्थ आणि लुईस यांना प्रत्येक बळीसंख्येसाठी घातांकी वक्र बसवावा लागला आणि चौकटींतील आकडे त्या वक्रावरून घ्यावे लागले.