पखवाजाची थाप आणि कॉम्प्रेसर: एका राखणदाराची गोष्ट

कुडाळ-कणकवलीकडे डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनांचा सामना, रेकॉर्ड करणाऱ्या पोरांची एक तक्रार मी दर भाद्रपदात ऐकतो. मांडवात बसून ऐकताना अंगावर काटा येतो, आणि घरी येऊन मिक्स केला की सगळं निर्जीव. बुवांचा आवाज मागे, झांज पुढे, पखवाज नुसता भदभद. मग कॉम्प्रेसर, म्हणजे चढलेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र, लावतात आणि उरलासुरला जीवही जातो. असं का होतं, ते कळायला हे यंत्र मुळात कशासाठी बनलं तिथपासून सुरुवात करायला हवी.

आपल्या गावाला जसा राखणदार, तसा हा आवाजाचा. सुरुवातीच्या रेडिओ केंद्रांत एक माणूस नॉबवर हात ठेवून बसायचा. गाणारा चढला की आवाज कमी करायचा, उतरला की वाढवायचा. हात चुकला आणि मॉड्युलेशन, म्हणजे रेडिओलहरीवर आवाज चढवण्याचं प्रमाण, 100 टक्क्यांपुढे गेलं, तर आवाज फाटायचा, शेजारच्या स्टेशनलाही त्रास व्हायचा. 1937 साली वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 110ए आला, तो त्या हाताच्या जागी. पुढे ग्रामोफोनच्या रेकॉर्ड कापणाऱ्यांनाही तीच गरज पडली, कारण खाच फार रुंद कापली गेली की ती शेजारच्या खाचेत शिरते आणि सुई उडते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस राइन नार्मा यांनी रचलेला फेअरचाइल्ड 670 त्याच कामाचा. आत 20 व्हॉल्व्ह, वजन तीस किलोच्या आसपास.

त्यातून गेलेलं गाणं नुसतं सुरक्षित राहत नाही, गोडही लागतं, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात येत गेलं आणि इथून गोष्ट रंगते. जिम लॉरेन्स यांच्या एलए-2एमध्ये आवाज चढला की एक पट्टी उजळते, तिचा उजेड प्रकाशसंवेदी रोधावर पडतो आणि आवाज आवरला जातो. सोडताना मात्र तो निम्मा पटकन सोडतो आणि उरलेला सावकाश. गळ्यावर तो इतका शोभतो तो या आळसामुळे. बिल पुटनम यांचा 1967 चा 1176 याच्या अगदी उलट. 20 मायक्रोसेकंदांत आवाज पकडतो, आणि त्याचा सर्वांत संथ अटॅकसुद्धा (आवाज पकडायला लागणारा वेळ) एका मिलिसेकंदाच्या आत. शिवाय त्याचे आकडे उलटे: 7 वर सर्वांत जलद, 1 वर सर्वांत संथ. आज कॉम्प्युटरवर त्याची नक्कल करणारे प्लगइन सगळ्यांकडे आहेत आणि पखवाजावर ते लावणारे हमखास इथेच फसतात.

कारण पखवाजाचा जीव थापेच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो. तळवा पुडीवर आदळतो तो क्षण, आणि त्यामागून कणीक लावलेल्या डाव्या तोंडाची घुमारी. पहिला क्षण दाबला की घुमारी तेवढी उरते, तीच ती भदभद. 1176 इतका संथ होत नाही, पण दुसऱ्या कॉम्प्रेसरवर अटॅक 30 मिलिसेकंदांवर नेला की थाप सुटून जाते आणि मागची घुमारी आवरली जाते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारी बसलेला पखवाजवाला म्हणाला, "आता माझो हात ऐकाक येता." रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज सोडणं, पुढच्या थापेआधी पुरा व्हायला हवा, म्हणून अभंगाला जमलेला रिलीज गजरात लय दुप्पट झाली की लांब पडतो आणि आवाज दबलेलाच राहतो. गजराचा ट्रॅक मी वेगळा काढतो.

दुसरी वाट हळू आवाज वर आणण्याची, आणि तिचा एक धागा भारतातून जातो. रे डॉल्बी 1963 ते 1965 युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. 1965 मध्येच त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली. त्यांच्या पद्धतीत टेपवर भरताना हळू आवाज उचलायचा आणि वाजवताना तितकाच खाली आणायचा, म्हणजे टेपची सरसर दबते. काही मिक्सिंगवाल्यांनी गळ्याच्या ट्रॅकवर दुसरी पायरी मुद्दाम गाळली, तर श्वास आणि शब्दांच्या कडा उजळून आल्या. मूळ ट्रॅक तसाच ठेवून त्याखाली घट्ट दाबलेली प्रत मिसळणं, ज्याला न्यूयॉर्क कॉम्प्रेशन म्हणतात, ते याच विचाराचं भावंड. भजनाला मला तेच सर्वांत मानवतं. बुवांची वरची हाक अबाधित राहते आणि गिळलेले शब्द वर येतात.

1990 च्या दशकात लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीपुढे आवाज जाऊच न देणारे प्लगइन आले आणि सगळं भिंतीसारखं सपाट करून मोठं वाजवण्याची चढाओढ लागली. आता यूट्यूब मोठा ट्रॅक स्वतःच -14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास खाली आणतं, त्यामुळे त्या चढाओढीत हाती काही लागत नाही, तरी आपल्याकडच्या पुष्कळ मिक्समध्ये ती सवय टिकून आहे.

दाबलेल्या प्रतीबरोबर पत्र्यावरचा पाऊस, जनरेटर आणि रातकिडेही वर येतात. त्या प्रतीवर कॉम्प्रेसरच्या आधी मी हलका एक्स्पांडर (हळू आवाज आणखी खाली नेणारा) लावतो. पूर्ण बंद होणारा गेट लावत नाही, कारण बुवा दोन ओळींमध्ये श्वास घेतात तिथे पाऊस एकदम तुटतो आणि मांडवाचं छप्परच उडाल्यासारखं वाटतं.