पिंगला गप्प, एआरपीला नाही

नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतून सुमारे ५०० मेगाबाइट माहिती चोरीला गेल्याचं एप्रिल २०१८ मध्ये उघडकीस आलं. नासाच्या महानिरीक्षकांचा २०१९चा अहवाल सांगतो, की परवानगीशिवाय नेटवर्कला जोडलेला एक रास्पबेरी पाय चोरांनी हेरला आणि जवळपास १० महिने कोणाला पत्ता लागला नाही. हा संगणक तळहातावर मावतो.

असं अनोळखी यंत्र शोधताना बरेच जण पिंग करतात, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवतात, आणि उत्तर आलं नाही, की तिथे काही नाही असं समजतात. हा मोठा गैरसमज आहे. यंत्रावरची फायरवॉल, म्हणजे नको ते संदेश अडवणारी व्यवस्था, पिंगचं उत्तर सहज दाबून टाकते. एआरपीचं, म्हणजे आयपी पत्त्यावरून यंत्राचा मॅक पत्ता विचारण्याच्या पद्धतीचं, तसं नाही, आणि म्हणूनच १९८२ साली ठरलेली ही पद्धत मला फार आवडते. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये डेटा पोचवायला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने यंत्राला दिलेला क्रमांक, पुरत नाही, नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो. म्हणून पाठवणारं यंत्र सगळ्यांना विचारतं, ‘१९२.१६८.१.५७ कोण?’ ज्याचा तो आयपी, ते आपला मॅक कळवतं. नाही कळवला, तर राउटरही त्याला काही पाठवू शकत नाही. नुसतं ऐकत बसणारं यंत्र तेवढं यातून निसटतं.

मॅकमधली पहिली २४ बिटं सहसा उत्पादकाची, आयईईई या संस्थेने दिलेली. ‘बी८:२७:ईबी’ दिसलं, की रास्पबेरी पाय. मात्र पहिल्या बाइटमधलं शेवटून दुसरं बिट १ असेल, म्हणजे हेक्समधला (० ते ९ आणि ए ते एफ असे सोळा अंक असलेल्या लेखनातला) दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यातला नाही, यंत्रावरच ठरवलेला आहे. हल्लीचे फोन वायफायवर असेच यादृच्छिक पत्ते वापरतात. त्यामुळे ‘अज्ञात यंत्र’ म्हणून लाल इशारा देणाऱ्या अ‍ॅपवर विसंबून कोणावर हॅकर असल्याचा आळ घेऊ नये. तो बहुधा शेजारच्या टेबलावरचा फोन असतो.

मॅक बनावट असला तरी तो कोणत्या पोर्टातून, म्हणजे केबल जोडायच्या खाचेतून, आला, याची नोंद मॅनेज्ड स्विचच्या (केबलने यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या आणि आतली माहिती पाहू देणाऱ्या पेटीच्या) तक्त्यात सापडते. यंत्र गप्प राहिलं तर ही नोंद पुसली जाते, सिस्कोच्या स्विचवर मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंदांत. म्हणून आधी एआरपी विचारायचं, लगेच तक्ता पाहायचा आणि त्या पोर्टाची केबल धरून भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत जायचं. एकाच पोर्टावर अनेक मॅक दिसले, तर तिथे आणखी एखादा स्विच किंवा वायफाय पुरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट असतो आणि शोध तिथून पुढे चालू ठेवावा लागतो.