प्रिसिजन बेस

प्रिसिजन बेस : घन लाकडी अंगाची, चार तारांची विद्युत् बेस गिटार. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी ती तयार केली. विक्री 1951 च्या अखेरीस सुरू झाली. तारा डबल बेसप्रमाणेच (व्हायोलिन कुळातील सर्वांत मोठे, उभे वाद्य) ई-ए-डी-जी अशा लावतात. तारेची वाजती लांबी 34 इंच (सु. 86 सेंमी.), पडदे 20. पडद्यांमुळे सूर नेमका सापडतो, म्हणून हे नाव.

ही जगातली पहिली घन बेस गिटार, असे सर्रास लिहिले जाते. ते मान्य करता येत नाही. सिअ‍ॅटलचे पॉल टुटमार्क यांनी ‘ऑडिओव्हॉक्स 736’ ही घन अंगाची, पडदे असलेली बेस त्याआधीच, बहुधा 1936 च्या सुमारास, विक्रीस काढली होती. तिची तार सु. 30½ इंच होती. अग्रमान टुटमार्क यांचाच. मात्र त्यांच्या वाद्यातून परंपरा निघाली नाही. 34 इंची तार, स्क्रूने जोडलेली मान आणि दोन शिंगांचे अंग हा पुढे रूढ झालेला साचा फुलर्टनचा असल्याने बेस गिटारचा इतिहास 1951 पासून मांडणे अधिक सयुक्तिक वाटते.

सुरुवातीचे अंग म्हणजे अ‍ॅश लाकडाची सपाट फळीच. मेपलची मान चार स्क्रूंनी बसवलेली, त्यामुळे बिघडल्यास ती बदलता येई. घोडीवर मात्र चार तारांना दोनच आधार होते. दोन तारांची लांबी एकत्रच जुळवावी लागे, हे ‘प्रिसिजन’ नावाला फारसे शोभणारे नव्हते. 1954 मध्ये अंगाच्या कडा गोलावल्या. 1957 मध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार आणि दोन तुकड्यांचा पिकअप (तारेच्या कंपनांचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारा भाग) आला. एकेका तुकड्यावर दोन तारा. दोन्हींची चुंबके व वेटोळी परस्परविरुद्ध, म्हणून विजेची नको असलेली गुणगुण कटते. पूर्वी तारेखाली एकच चुंबक असे, आता तार दोन चुंबकांच्या मधून जाते आणि आघात सौम्य होतो. डेट्रॉइटचे बेसवादक जेम्स जेमरसन 1962 ची अशी बेस एकाच तर्जनीने वाजवीत.

जुन्या वाद्याचे वय ठरवताना मानेच्या अंगाकडील टोकावरची पेन्सिलीची किंवा शिक्क्याची तारीख पाहतात. ती मानेची, जुळणीची नव्हे. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरवरील (फिरत्या बटणाखालचा बदलता विद्युत् रोध) आकड्यांत 304 हा स्टॅकपोल या उत्पादकाचा संकेत; ‘304-6245’ म्हणजे 1962 चा 45 वा आठवडा. हाही पुरावा जपूनच घ्यावा. फेंडर कंपनी 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेल्यावर 1966 चे पोटेन्शिओमीटर मोठ्या संख्येने साठवले गेले, ते पुढे काही वर्षे वापरात होते.

घोडीवर धातूचे झाकण असे, आतून तारा दाबणारी स्पंजची पट्टी. वादक ते सहसा काढून टाकीत. आज पुष्कळ वाद्यांवर स्क्रूची भोके तेवढी दिसतात.