दिवाळीचा बाण आणि मदतीचा बाण: समुद्रावरचा लाल उजेड कसा ओळखायचा

दिवाळीत रात्री हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही पुळणीवर उभे राहा, समुद्राच्या अंगाला एखादा लाल ठिपका वर चढताना दिसतोच. बहुतेक वेळा तो शेजारच्या वाडीतल्या पोरांनी उडवलेला बाण असतो. पण आपल्याकडे दिवाळी येते ती ऐन मासेमारीच्या हंगामात. १ जून ते ३१ जुलैची बंदी कधीच उठलेली असते, नारळी पौर्णिमा उलटलेली असते आणि ट्रॉलर खोल पाण्यात गेलेले असतात. त्यातल्या एखाद्यात पाणी शिरलं तर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, जो बाण सोडेल, तोही लालच. २०१९ साली २७ ऑक्टोबरला घरोघरी लक्ष्मीपूजन होतं आणि त्याच दिवशी अरबी समुद्रातलं ‘क्यार’ चक्रीवादळ सुपर सायक्लोनच्या ताकदीला पोचलं होतं. अशा रात्री या दोन बाणांतली गल्लत जिवावर बेतू शकते.

दोन्हींचं मूळ एकच. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू चीनमध्ये तयार झाली. तिची लिखित कृती १०४४ च्या एका चिनी लष्करी ग्रंथात आहे. पुढे तीच दारू तोफेतही गेली आणि उत्सवातही. पेशवाईवरच्या एका बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवतात: दारूची लंका, दारूचेच राक्षस, आणि शेपूट पेटवून ती लंका जाळत जाणारा हनुमान. पेशव्यांनी मग पुण्यात तसाच देखावा करवून घेतला आणि पर्वतीवरून पाहिला. त्या लंकेत आजच्यासारखे लाल-हिरवे रंग मात्र नसणार. जुनी दारू पिवळट, नारिंगी नाहीतर पांढरीच जळायची. झळझळीत रंग आले एकोणिसाव्या शतकात, पोटॅशियम क्लोरेटबरोबर धातूंचे क्षार वापरायला लागल्यावर. स्ट्रॉन्शियमने लाल, बेरियमने हिरवा. दिवाळीच्या बाणातला लाल आणि बोटीवरच्या फ्लेअरमधला, म्हणजे मदतीसाठी पेटवायच्या इशाऱ्याच्या दारूतला, लाल दोन्ही त्या स्ट्रॉन्शियमचेच. त्यामुळे नुसत्या रंगावरून ओळखायला जाल तर फसाल.

ओळखायचं ते चालीवरून. दिवाळीचा बाण काठीच्या आधाराने सरळ वर जातो, फुटतो, त्याचे तारे चहूकडे उधळतात आणि दोन-तीन सेकंदांत विझतात. एकामागोमाग दुसरा येतो, कधी हिरवा, कधी सोनेरी, मागून आवाजही येतो. मदतीचं पॅराशूट रॉकेट याच्या अगदी उलट वागतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते किमान ३०० मीटर उंच जायला हवं आणि तिथे छत्री उघडून किमान ४० सेकंद जळायला हवं. खाली उतरण्याचा वेग सेकंदाला ५ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे एकच लाल गोळा, न उधळता, वाऱ्याबरोबर सरकत सावकाश खाली येतो. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलंत आणि तो अजून पेटलेलाच असेल, तर तो खेळातला बाण नव्हे.

हातात धरायचा फ्लेअर वेगळा. तो मिनिटभर जळतो, त्यातून तापलेली राख टपकते, म्हणून खलाशी तो बोटीबाहेर, वाऱ्याखालच्या बाजूला धरतो. पाण्यापासून दोन-तीन मीटरवरचा हा उजेड पुळणीवरच्या माणसाला दहाएक किलोमीटरपलीकडे क्षितिजाआड जातो. दुरून तो एखाद्या शेकोटीसारखा, पाण्याला चिकटून थरथरणारा दिसतो. दिवसा याच कामाला नारिंगी धूर असतो.

एक प्रकार मात्र खरोखरच फसवा आहे. समुद्रावरच्या वाहतुकीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की थोड्या थोड्या वेळाने एकेक सोडलेले, लाल तारे फेकणारे बाण हीसुद्धा मदतीची हाक आहे. याला छत्री नसते, म्हणजे दिसायला तो दिवाळीच्या बाणासारखाच. तिथे दोन बाणांमधला वेळ बघायचा: एक बाण, मग काळोख, मग पुन्हा तसाच लाल, त्याच जागेवरून. गंमत म्हणून बाण उडवणारे असे थांबत नाहीत.

हा नियम असा काटेकोर का झाला, ते टायटॅनिकच्या गोष्टीवरून कळतं. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे त्या जहाजाने पांढरे बाण सोडले. जवळच थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी ते पाहिले. पण तेव्हा संकटाच्या बाणाला ठरावीक रंग नव्हता, आणि जहाज कंपन्या ओळख पटवायला आपापले रंगीत बाण वापरत. हे कंपनीचे इशारे आहेत का, असं कप्तानाने विचारलं, दिव्याने खुणा करायला सांगितलं, आणि वायरलेसवाल्याला कुणी उठवलं नाही. जवळजवळ १५०० माणसं गेली. दिसलं सगळ्यांना, कळलं कुणालाच नाही.

उत्सवाने समुद्राला दिलेलंही काही आहे. अमेरिकेतल्या मार्था कॉस्टन नवऱ्याच्या अपुऱ्या टिपणांवरून रात्रीचे रंगीत इशारे बनवत होत्या. पांढरा आणि लाल जमला, तिसरा रंग काही जमेना. १८५८ मध्ये अटलांटिकखालून तार टाकल्याच्या आनंदात न्यूयॉर्कमध्ये आतषबाजी झाली, ती पाहून त्यांनी थेट फटाके बनवणाऱ्यांनाच गाठलं. तिसरा रंग हिरवा ठरला आणि १८५९ मध्ये पेटंट मिळालं.

आपला किनारा वळणावळणाचा आहे, ही आणखी एक अडचण. भूशिरापलीकडच्या पुळणीवरून उडालेला बाण पाण्यातूनच वर आल्यासारखा वाटतो. थर्टी फर्स्टला तारकर्लीत, गणपतीपुळ्यात पर्यटकांची आतषबाजी चालते तेव्हा तर गोंधळ वाढतोच. त्यात मुदत संपलेले फ्लेअर कुणी वरातीत किंवा शिमग्यात पेटवले, तर ते अक्षम्य आहे. बहुतेक फ्लेअरची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे जुने साठतात हे खरं. पण संकट नसताना हे इशारे वापरायला १९७२ च्या त्याच नियमांनी मनाई केली आहे, आणि अशा प्रत्येक खोट्या हाकेने लोकांचं लक्ष खऱ्या हाकेवरून उडतं.

शंका आली तर खात्री होईपर्यंत थांबू नका. तटरक्षक दलाचा शोध आणि बचावासाठीचा नंबर १५५४ आहे. फोन लावण्याआधी घड्याळ बघा आणि दिशा पकडा: हात लांब करून दीपगृहाच्या किंवा किल्ल्याच्या बुरुजाच्या डावीकडे किती बोटं, ते मोजा. रंग, किती वेळ जळला, खाली आला की विझला, एकदाच दिसला की पुन्हा, हे सांगा. आणि फोन ठेवल्यावर तिथून हलू नका. बोटीवर दुसरा बाण असेल तर तो थोड्या वेळाने सुटेल, आणि दोन्ही वेळची दिशा जुळली तर शोधणाऱ्यांचं काम सोपं होतं.