टीव्हीवर 'नो सिग्नल' येतंय? फोन करायच्या आधी सीपीयूच्या मागे एकदा टॉर्च मारा

नमस्कार मंडळी. हा कागद बिलासोबत मुद्दाम देतोय, टीव्ही जोडून होईपर्यंत तरी रद्दीत टाकू नका. डेस्कटॉप टीव्हीला कसा जोडायचा हे तुम्हाला साधारण माहितीच असतं, एचडीएमआय केबलचं एक टोक इकडे एक टोक तिकडे, रिमोटवर सोर्स दाबायचं, झालं. तरी आठवड्यातून चार-पाच फोन येतातच की दादा टीव्हीवर नो सिग्नल येतंय, केबल खराब दिली तुम्ही. केबल खराब नसते हो. दुकानातून देताना प्रत्येक केबल काउंटरवरच्या टीव्हीला लावून, चित्र दाखवून मगच पिशवीत टाकतो.

चुकतं ते पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची जागा. ज्यांच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड (गेमसाठी वगैरे वेगळं बसवतात ते, स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं) आहे त्यांच्या सीपीयूला (म्हणजे अख्ख्या डब्याला, आपल्याकडे सगळे सीपीयूच म्हणतात) मागे दोन ठिकाणी एचडीएमआय असतं. एक वरच्या बाजूला, यूएसबी आणि नेटच्या वायरीच्या शेजारी, ते मदरबोर्डचं, म्हणजे डब्यातल्या मुख्य बोर्डाचं. दुसरं खाली, पट्ट्या-पट्ट्या असतात तिथे, ते कार्डचं. कार्ड असलं की केबल खालीच लावायची. वर-खाली लक्षात राहत नसेल तर सोपी खूण सांगतो, उभ्या डब्यात मदरबोर्डचं एचडीएमआय उभं दिसतं आणि कार्डचं आडवं. उभ्यात लावू नका, आडव्यात लावा, बस एवढंच.

आता वरचं का चालत नाही ते पण सांगतो, कारण लोक विचारतात की पोर्ट दिलंय तर चालायला नको का. वरच्या पोर्टला चित्र पुरवतो तो प्रोसेसरच्या आतला ग्राफिक्स. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नंबरच्या शेवटी एफ असतो, उदाहरणार्थ आय फाइव्ह १२४००एफ, त्यात हा ग्राफिक्स नसतोच, मग वरचं पोर्ट नुसतं शोभेचं. आणि ज्यात असतो तिथेही कार्ड बसलं की बरेच मदरबोर्ड वरचं पोर्ट आपोआप बंद करतात. काही मशीनमध्ये वर लावूनही चित्र येतं, आणि ते तर जास्त वाईट, कारण कोणाला कळतच नाही काही चुकलंय ते, मग पोरगं म्हणतं एवढ्या पैशाचं कार्ड घेतलं तरी गेम अडकतोय, आणि शिव्या आम्हाला.

मागच्या उन्हाळ्यात गोडोलीहून एका काकांचा फोन आला. मॅच सुरू व्हायला अर्धा तास, घरी पाहुणे, टीव्हीवर नो सिग्नल. तोवर त्यांनी ऑनलाइन दोन केबली मागवून झाल्या होत्या, टीव्हीवाल्याला पण बोलावून झालं होतं, तो म्हणाला टीव्हीचा बोर्ड गेला असेल. आमचा पोऱ्या पोवई नाक्याच्या ट्रॅफिकमधून गेला, टेबल ओढलं, मागे मोबाइलचा टॉर्च मारला. केबल वरच्या पोर्टमध्ये होती, आणि खाली कार्डच्या पोर्टवर कंपनीचं काळं रबरी टोपण तसंच बसलेलं. काका म्हणाले, मला वाटलं ते बंद केलेलं पोर्ट आहे. टोपण उपटलं, केबल खाली लावली, चित्र आलं. टॉस मात्र हुकला.

तर हे टोपण. नवीन कार्डच्या पोर्टांवर बऱ्याचदा अशी टोपणं येतात, आणि आम्ही मशीन बनवताना फक्त मॉनिटर लागतो तेवढंच काढतो, बाकीची ठेवतो. त्यावर लोक म्हणतात की तुम्हीच काढून का देत नाही. साताऱ्याच्या पावसात चार महिने हवेत ओल असते, शिवाय धूळ, आणि झुरळांना सीपीयूची ऊब फार आवडते. न वापरलेलं पोर्ट झाकलेलंच बरं. तुम्हाला लागेल तेव्हा नखाने ओढा, सहज निघतं, ते तुटत नाही आणि वॉरंटीही जात नाही. दिवाळीपासून आम्ही वरच्या पोर्टवर लाल टेप पण लावून देतोय. टेप सोलून वरच केबल लावणारेही दोघे भेटलेत, त्यांना काय बोलणार.

कार्ड नाहीये, साधं ऑफिसचं मशीन आहे? मग वरचंच पोर्ट, बिनधास्त.

पोर्ट बरोबर असूनही काळी स्क्रीन असेल तर आधी टीव्हीच्या मागे केबल कितव्या नंबरला आहे ते बघा आणि रिमोटने तोच नंबर निवडा, एक नंबरला बहुतेक सेट टॉप बॉक्स असतो. मग कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबा, डुप्लिकेट निवडलं की दोन्हीकडे सारखं दिसेल. आवाज कॉम्प्युटरमधूनच येत असेल तर खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचं नाव निवडा. खालची पट्टी कापली जात असेल तर तो दोष टीव्हीच्या सेटिंगचा, पिक्चर साइजमध्ये जाऊन एलजीला जस्ट स्कॅन, सॅमसंगला स्क्रीन फिट असं काहीतरी मिळेल ते करा.

आता एक गोष्ट जरा नीट वाचा. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? टेस्टर लावला तर मंद पेटतो का? येत असतील तर तुमच्या भिंतीवरच्या बोर्डाला अर्थिंग नाही, किंवा तुम्ही तीन पिनवाली वायर दोन पिनच्या एक्स्टेंशनमध्ये घातलीय. पॉवर सप्लायच्या आत फिल्टर असतो, त्यातून थोडा करंट अर्थिंगला जायचा असतो, वाट मिळाली नाही की तो पत्र्यावर येऊन बसतो, २३० च्या साधारण निम्मा व्होल्टेज. करंट बारीक असतो म्हणून माणसाला नुसता चटका, पण टीव्हीला केबलवाल्याची वायर जोडलेली असते, ती कुठेतरी लांब अर्थ झालेली असते, आणि चालू मशीनमध्ये एचडीएमआय घुसवताना तो सगळा करंट त्या नाजूक पिनांमधून वाट काढतो. बारीकशी ठिणगी दिसते आणि पोर्ट जातं, कधी टीव्हीचं, कधी कार्डचं. असं जळालेलं पोर्ट वॉरंटीत बसत नाही, कंपनी ऐकत नाही, मग आमच्याशी भांडून उपयोग नाही. म्हणून केबल लावताना आणि काढताना टीव्ही आणि सीपीयू दोन्ही भिंतीवरच्या बटणातून बंद करून पिन काढून ठेवायची, केबलवाल्याची वायरही सोडून ठेवायची. आणि जाड पिन कापून दोन पिनची करू नका, ती शोभेला दिलेली नाही. वायरमनचं काम आम्ही करत नाही, पण मशीन पोचवायला आलो की बोर्ड तपासून अर्थिंग आहे की नाही ते सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.

केबलच्या लांबीचं म्हणाल तर पाच मीटरपर्यंत चांगली साधी केबल चालते. हॉलमधून बेडरूममध्ये भिंतीतून दहा-पंधरा मीटर न्यायची असेल तर स्वस्तातली घेऊ नका, चित्र लुकलुकतं. तिथे ऑप्टिकलवाली (आतून प्रकाशाने सिग्नल नेणारी) घ्या, आणि तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स एका टोकावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. पीओपी व्हायच्या आधी ते वाचा!! उलटी टाकलेली केबल काढायला सीलिंग फोडलेलं आम्ही बघितलंय. कन्व्हर्टरचंही तसंच. जुन्या सीपीयूला फक्त निळं व्हीजीए आहे आणि टीव्हीला एचडीएमआय, तर व्हीजीए टू एचडीएमआय लागतो, उलटा आणला तर चालत नाही, आणि व्हीजीएमधून आवाज जात नसल्याने त्याला ऑडिओची वेगळी पिन असलेलाच घ्या. फोर केच्या टीव्हीवर माउस चिकटल्यासारखा चालत असेल तर बहुतेक कार्ड जुनं आहे, एचडीएमआय १.४ वर (ही एचडीएमआयची जुनी आवृत्ती) फोर के सेकंदाला ३० फ्रेमच मिळतात, रिझोल्यूशन १०८० करा, किंवा कार्ड बदलायचं मनात असेल तर दुकानात या, जुनं एक्स्चेंजमध्ये घेतो.

राहिला व्हिजिटचा, म्हणजे घरी येऊन बघायच्या पैशांचा विषय. दहा सेकंदाच्या कामाचे ३०० रुपये कसले असं बरेच जण म्हणतात. पोऱ्या गेला की येऊन-जाऊन तास-दीड तास काउंटर रिकामा असतो, पेट्रोल आहे, आणि दहा सेकंदाचं काम आहे हे तिथे गेल्यावर कळतं. आमची केबल किंवा आमचं फिटिंग चुकलेलं निघालं तर एक रुपया घेणार नाही. उलट जायची वेळच येऊ नये म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो टाका, फुकट सांगतो कुठे लावायचं ते, मशीन आमच्याकडचं नसलं तरी. फक्त टीव्हीवर नो सिग्नल लिहिलंय त्याचा फोटो नको, ते तुम्ही फोनवर सांगितलेलंच असतं. सीपीयू थोडा पुढे ओढा, टॉर्च लावा, मागची अख्खी बाजू वरपासून खालपर्यंत एका फोटोत येऊ द्या, आणि दुसरा फोटो टीव्हीच्या मागच्या पोर्टांचा. सकाळी दहा ते रात्री साडेआठ, सोमवारी बंद. मॅचच्या दिवशी फोटो दुपारीच टाकलात तर बरं.